हवा कमी केली तरी गाडी वावरात रुततेच? आधी हे तपासा

सोयाबीनची काढणी आणि परतीचा पाऊस एकाच आठवड्यात आले की परभणीतल्या आमच्या टायरच्या दुकानात एकच तक्रार वेगवेगळ्या गावांच्या तोंडून ऐकू येते. "भाऊ, हवा कमी केली होती की! तरी पाणंदीत गाडी बसलीच. शेवटी ट्रॅक्टरनं टोचन करून काढली." गाडी कधी बोलेरो असते, कधी पिकअप, कधी हौसेनं घेतलेली थार. पेरणीच्या दिवसांत हेच, काढणीच्या दिवसांत हेच. प्रत्येकाला उभ्या उभ्या सांगून अर्धंच सांगितलं जातं, म्हणून एकदा नीट लिहून ठेवतोय.

हवा कमी करणं हा उपाय खोटा नाही. पण मोबाइलवरचे जे व्हिडिओ बघून लोक १५ पीएसआयपर्यंत (पीएसआय म्हणजे टायरमधल्या हवेचा दाब मोजायचं माप) हवा उतरवतात, ते बहुतेक वाळवंटातले असतात. वाळूचं गणित वेगळं आणि आपल्या काळ्या रानाचं वेगळं. वाळूत जी हवा गाडी तरंगत नेते, तीच हवा ओल्या काळ्या मातीत कधी कामाला येते, कधी काहीच करत नाही आणि कधी उलट गाडी खाली बसवते. यातलं कधी काय होतं हे कळलं की निम्म्या तक्रारी जागेवरच मिटतात.

हवा उतरवली की टायरचं काय होतं

गाडीचं वजन पेलते ती टायरमधली हवा, रबर नव्हे. एका चाकावर ३७५ किलो भार आहे आणि आत ३० पीएसआय हवा आहे असं धरा. ३० पीएसआय म्हणजे चौरस सेंटिमीटरला साधारण २.१ किलो. तेव्हा टायर जमिनीला सुमारे १८० चौरस सेंटिमीटर टेकतो. हवा १५ केली तर हिशेबानं ३५० च्या वर टेकायला हवा. टायरच्या बाजूंनाही स्वतःचा ताठपणा असतो, त्यामुळे प्रत्यक्षात बरोबर दुप्पट होत नाही, पण वाढतं एवढं नक्की.

वाढतं कुठं, हे महत्त्वाचं. टायर रुंदीला फारसा पसरत नाही, तो लांबीला पसरतो. म्हणजे समोरची माती ढकलण्याचं काम फार वाढत नाही आणि नक्षीच्या जास्त गोट्या एकाच वेळी जमिनीला लागतात. जमिनीवरचा दाब उतरल्यामुळे चाक कमी खोल जातं. वाळूत खरा फायदा हाच. चाक जेवढं वर राहील तेवढं ते पुढं सरकतं, खाली गेलं की स्वतःच्याच पुढ्यात चढण तयार करतं.

याची किंमतही मोजावी लागते. टायर दबला की गाडीचं पोट जमिनीच्या तेवढंच जवळ येतं. टायरच्या बाजू फुगून बाहेर येतात आणि काट्या-दगडांच्या तोंडी जातात. रिमवरची टायरच्या कडेची पकड सैल होते. वेगात गेलात तर टायर तापतो.

आधी आकडा खरा आहे का बघा

"१८ केली होती" असं सांगणाऱ्या गाडीला दुकानात गेज लावलं तर २३-२४ निघते. गिऱ्हाईक खोटं बोलत नसतो, त्याचं गेज खोटं बोलत असतं. ट्रकच्या टायरसाठी असलेलं, २०० च्या पुढपर्यंत आकडे असलेलं गेज १८ वर भरवशाचं नसतं. काट्याची गेज आपल्या पट्टीच्या मधल्या भागात चांगली बोलतात, टोकाला नाही. त्यामुळे ० ते ६० पर्यंतचं साधं गेज स्वतःचं घ्या आणि दरवेळी तेच वापरा. ते एखादा पॉइंट, म्हणजे एक पीएसआय, चुकत असलं तरी दरवेळी तेवढंच चुकेल, म्हणजे तुमचा अंदाज बसतो. आज या पंपावर, उद्या त्या दुकानात हवा बघितली तर आकड्यांना काही अर्थ राहत नाही. जुन्या मशीनवर किलोचे आकडे असतात, तिथं २.१ म्हणजे ३०, १.४ म्हणजे २० आणि १.२५ म्हणजे १८ च्या जवळपास.

दुसरं, तापलेल्या टायरची हवा. साधारण सहा अंश तापमान वाढलं की हवा एक पॉइंट वर जाते. आपल्याकडं मे महिन्यात पहाटे २६ आणि दुपारी ४२ ही काही नवलाई नाही. एवढ्या फरकानं ३० चे साडेबत्तीस होतात, आणि डांबरावरून पळत आलेली गाडी असेल तर त्याहून जास्त. हवा बघायची ती सकाळी, गाडी हलण्याआधी. दारापाशी गाडीच्या खांबावर जो स्टिकर असतो तो आकडा थंड टायरचाच असतो. टायरच्या बाजूवर लिहिलेला मोठा आकडा मात्र तुमच्यासाठी नाही, ती त्या टायरची कमाल मर्यादा आहे. ती वाचून ४४ किंवा ५० भरून हिंडणारे लोक अजून भेटतात.

गेज नसेल तर बोटांनी काम भागवता येतं. सपाट जागेवर गाडी उभी करा. चाकाच्या खालच्या बाजूला रिमच्या कडेपासून जमिनीपर्यंत किती बोटं बसतात ते पूर्ण हवेत मोजा. आठ बसत असतील तर हवा काढत काढत सहावर या. म्हणजे टायरची उंची पाव भागानं उतरली. रानात शिरायला ही चांगली सुरुवात आहे. चारही चाकांना बोटं त्याच माणसाची लावा, एवढं मात्र बघा.

काळ्या मातीतलं खरं दुखणं

गंगाखेड, पालम, सोनपेठ, पाथरी या गोदाकाठच्या पट्ट्यात काळी माती खोल आहे. बेसाल्टच्या खडकाची झीज होऊन झालेली ही माती बारीक चिकण कणांची असते, निम्मा किंवा त्याहून जास्त भाग तोच. त्यातल्या मॉन्टमोरिलोनाइट नावाच्या खनिजाच्या थरांमध्ये पाणी शिरतं आणि माती फुगते. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, त्या याच कारणानं. पाणी निघून गेलं की ती आकसते. भेगाळलेलं रान कडक असतं, त्यावरून ट्रकसुद्धा जातो. पहिला मोठा पाऊस पडला की त्याच रानात माणसाची चप्पल राहते.

वाळूचे कण एकमेकांना धरत नाहीत, त्यांना वरून वजन लागलं की पकड येते. चिकणमातीचं उलट आहे. तिची पकड तिच्या चिकटपणात असते आणि ती किती क्षेत्राला टायर टेकला यावर मिळते. म्हणून हिशेबानं हवा कमी केल्याचा चिकणमातीत चांगला फायदा व्हायला हवा. होतोही, पण टायरची नक्षी उघडी असेल तोवरच. आपली माती दोन-चार फेऱ्यांतच खाचांत गच्च भरते आणि टायर लाटण्यासारखा गुळगुळीत होतो. मग हवा १५ ठेवा नाहीतर ३०, चाक जागेवर फिरतं. कमी हवेनं फक्त गुळगुळीत भाग मोठा झालेला असतो.

खाली उतरून टायर बघा. नक्षी दिसत नसेल, नुसता काळा गोल दिसत असेल, तर हवेला हात लावू नका. काठीनं, पहारीच्या टोकानं खाचा मोकळ्या करा. डांबरी रस्त्याची बारीक नक्षी असलेला टायर असेल तर हे थोड्या थोड्या वेळानं करावंच लागेल. रुंद खाचांचे मड टायर फिरता फिरता चिखल फेकून देतात, बारीक नक्षीचे फेकत नाहीत. दोन्ही गाड्यांत हवा सारखी ठेवून एक निघते आणि दुसरी बसते, त्याचं कारण बहुतेक वेळा हे असतं. नक्षी किती झिजली तेही बघा. खाचांच्या तळाशी ज्या आडव्या रबरी पट्ट्या असतात त्या १.६ मिलिमीटरवर असतात. तिथपर्यंत झिजलेला टायर रस्त्यावर चालेल कसाबसा, पाणंदीत नाही.

यानंतर येतो वाफसा. पेरणी, कोळपणी, नांगरट सगळं आपण वाफसा बघून करतो आणि गाडी मात्र घड्याळ बघून वावरात घालतो. पद्धत तीच वापरा. चार बोटं खालची माती मुठीत घेऊन दाबा. गोळा झाला आणि कमरेच्या उंचीवरून टाकल्यावर फुटला, तर वाफसा आहे, गाडी न्या, हवा २२ ते २४ पुरे. गोळा चपटा होऊन जमिनीला चिकटला, तर कोणत्याच आकड्यानं काम होणार नाही. पोती बैलगाडीनं किंवा ट्रॅक्टरनं बांधापर्यंत आणा आणि गाडी मुरमाच्या रस्त्यावर उभी ठेवा. हा सल्ला देताना गिऱ्हाइकाचं तोंड उतरतं हे मला माहीत आहे. आडतीचा भाव आज आहे, उद्याचा भरवसा नाही. पण मधोमध रुतलेली भरली गाडी त्याहून महाग पडते.

या दोन्हींच्या मधली परिस्थिती जास्त वेळा येते, आणि लोक नेमके तिथंच उलटं करतात. काठी घेऊन चिखलात खुपसा. वर चार बोटं राड आणि खाली काठी ठक्क वाजली, म्हणजे खाली मुरूम किंवा जुना कडक रस्ता आहे, तर हवा फार उतरवू नका. २६-२८ ठेवा. इथं टायरनं वरचा चिखल कापून खालच्या कडक थराला टेकायला हवं, आणि ताठ टायर ते काम चांगलं करतो. हवा १५ केली तर टायर वरच्या राडीवरच घसरत बसेल. मुरूम टाकलेली पण बाजूनं माती वाहून आलेली पाणंद असते ती या प्रकारची. काठी हातभर खाली गेली आणि कुठंच अडली नाही, तर मात्र १८ ते २० वर या, हळू पण न थांबता जा, आणि वळणं टाळा.

चाकोरी आणि पोट

पाणंदीतून ऊस आणि सोयाबीनचे ट्रॅक्टर जाऊन जाऊन ज्या खोल चाकोऱ्या पडतात, त्यात चारचाकी घातली की तिचं पोट मधल्या उंचवट्याला टेकतं. मागच्या एक्सलचा गोळा मातीवर बसला की चाकांवरचं वजन जातं. चाकं अधांतरी फिरतात. अशा गाडीची हवा काढली तर ती आणखी दोन-तीन सेंटिमीटर खाली येते आणि घट्ट बसते. म्हणजे ज्या उपायासाठी तुम्ही खाली वाकलात, त्यानंच दुखणं वाढवलं.

हवा काढायची ती रुतायच्या आधी, पाणंदीच्या तोंडाशी. आणि चाकोरीत न उतरता एक चाक मधल्या उंचवट्यावर, एक कडेला असं चालवायचं. जागा नसेल तर दुसरी गाडी समोरून येत नाही ना ते आधी कुणाला तरी पुढं पाठवून बघा. पाणंदीत मागं येणं हे पुढं जाण्यापेक्षा दुप्पट अवघड आहे.

रिकामी पिकअप

ही तक्रार वेगळी काढतो, कारण ती फार येते आणि सोडवायला सोपी आहे. पिकअपला मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, माल भरून नेण्यासाठी मागच्या टायरांत पन्नास-साठच्या घरात हवा असते. ती भरल्या गाडीसाठी बरोबर आहे. मोंढ्यात माल उतरवून रिकामी गाडी पुन्हा वावरात येते तेव्हा मागं वजन नाही, टायर दगडासारखे ताठ, आणि ओढ मागच्याच चाकांना. चाक जमिनीला चार बोटं टेकलेलं असतं. ती बसणारच.

रिकामी येताना वावराच्या तोंडाशी मागची हवा ३०-३५ वर आणा. हौद्यात चार पोती माती किंवा दगड, मागच्या फाळक्याजवळ, टाकून ठेवलीत तर आणखी बरं. पण एक गोष्ट विसरू नका. माल भरला की हवा परत वर गेलीच पाहिजे, आणि ती जागेवरच. पस्तीस हवेवर दीड टन सोयाबीन घेऊन डांबरावर ६० नं पळालात तर टायर आतून तापून फुटतो. फुटला तर तो रस्त्यावरच फुटेल, भरल्या गाडीचा, आणि मागं कुणीतरी मोटरसायकलवर असेल. बॅटरीवर चालणारा कॉम्प्रेसर गाडीत नसेल तर हवा कमी करण्याचा विचारच करू नका. पिकअपच्या मोठ्या टायरसाठी चिमट्यानं थेट बॅटरीला लावायचा घ्या, लायटरच्या खोबणीत घालायचे लहान पंप मोठ्या टायरला तापून बंद पडतात. हवा भरताना इंजिन चालू ठेवा.

वाळू आणि मुरूम

वाळूत फार सांगण्यासारखं नाही, तिथं व्हिडिओवाले बरोबर असतात. गोदावरीच्या पात्रात, कोरड्या मोकळ्या वाळूत १५ ते १८ ठेवा, स्टिअरिंग सरळ, दुसऱ्या गिअरात एकसारखा पाय. ब्रेक मारून थांबू नका, गाडीला आपोआप थांबू द्या, नाहीतर चाकापुढं ढीग होतो. (वाळू उपशाच्या गाड्यांबद्दल बोलत नाही, त्यांना कुणी शिकवायची गरज नाही.) ट्रॅक्शन कंट्रोलचं बटण असेल तर बंद करा. वाळूत चाक जरा फिरावं लागतं, आणि ही यंत्रणा चाक फिरलं की ताकदच कापते.

आष्टी-पाटोद्याकडं बालाघाटाच्या माथ्यावर, किंवा कन्नड-सोयगावच्या डोंगरात जमीन उथळ, मुरमाड आणि दगडाची. तिथं प्रश्न रुतण्याचा नाही, धक्क्यांचा आणि घसरण्याचा आहे. २४ ते २६ ठेवली की टायर दगडाला थोडा कवळतो आणि गाडीतली माणसं शिव्या देत नाहीत. त्याखाली जाऊ नका. बेसाल्टच्या धारदार दगडानं टायरची फुगलेली बाजू कापली तर तिला पॅच टिकत नाही, टायरच बदलावा लागतो.

बाजू कापण्याचा धोका वावरातही आहे, आणि तो दगडांपेक्षा जास्त आहे. तुरीची, पऱ्हाटीची धसकटं. कोयत्यानं तिरकी कापलेली तुरीची धसकटं भाल्याच्या टोकासारखी उभी असतात. ताठ टायर त्यांना मोडून जातो. कमी हवेचा टायर त्यांच्यावर बाजू टेकवतो आणि धसकट आत. तुरीचं, कापसाचं रान असेल तर ओळीच्या दिशेनं चला, आडवे जाऊ नका, आणि २५ च्या खाली येऊ नका. वेड्या बाभळीच्या काट्यांनी मात्र हवा किती आहे ते बघून टोचायचं ठरवलेलं नसतं.

रुतलीच तर

पहिलं काम, पाय उचला. चाक फिरवत राहिलात की दर फेरीला गाडी खाली जाते. खाली उतरून बघा की पोट टेकलंय की नाही. टेकलं असेल तर आधी फावड्यानं पोटाखालची माती काढा, जॅक फळीवर ठेवून चाक उचला, खाली तुराट्यांच्या किंवा पऱ्हाट्यांच्या पेंढ्या घाला. टोकं बाहेरच्या बाजूला नकोत, आडव्या ठेवा. गोणपाट दोन-चार पदरी केलं तर तेही चालतं. पोट टेकलेलं नसेल तर ओढ असलेल्या चाकांची हवा १५ वर आणा, चाकांपुढची माती उतारासारखी काढा, स्टिअरिंग सरळ करा. वळवलेली पुढची चाकं नांगरासारखी माती ओढतात आणि गाडीला अडवतात. ज्या वाटेनं आलात त्याच चाकोरीतून मागं निघायचा प्रयत्न आधी करा, ती माती तुमच्याच चाकांनी दाबलेली असते.

टोचन लावायची असेल तर हुकलाच लावा. बंपरला, सायलेन्सरच्या पट्टीला लावलेली साखळी सुटली की जाते कुठं ते कुणाच्याच हातात नसतं. साखळीवर मधोमध ओलं पोतं टाका आणि पोरांना लांब उभं करा. आपल्याकडं गाडी रुतली की अख्खं गाव गोळा होतं, त्याला इलाज नाही, पण दोरीच्या रेषेत तरी कुणी नको.

ट्रॅक्टरवाल्यांसाठी

ट्रॅक्टर रुतत नाही असा समज आहे. तो रुततो कमी आणि घसरतो जास्त, आणि घसरण दिसत नाही म्हणून डिझेलच्या बिलात निघते. मोजायची सोपी रीत अशी. मागच्या टायरवर खडूनं खूण करा. नांगर उचलून त्याच रानात चाकाच्या दहा फेऱ्या मोजा आणि अंतर टेपनं मोजा. मग नांगर लावून पुन्हा दहा फेऱ्या. मोकळ्यात ४० मीटर गेला आणि कामात ३५ मीटर, तर साडेबारा टक्के घसरण आहे. दोन चाकांच्या ओढीच्या ट्रॅक्टरला १० ते १५ टक्क्यांत असणं ठीक. २० च्या पुढं गेली तर डिझेल आणि टायर दोन्ही रानात पुरताय.

टेप नसेल तर टायरचा ठसा बघा. गोट्यांचे ठसे अगदी कोरीव, कडा शाबूत असतील तर घसरण फार कमी आहे, म्हणजे ट्रॅक्टरवर गरजेपेक्षा जास्त वजन लादलंय. ठसे पुसट, मधली माती फाटलेली पण गोटीची जागा ओळखू येते, हे बरोबर. नुसता खरवडलेला पट्टा दिसला तर हवा जास्त आहे किंवा वजन कमी आहे.

नांगरटीला मागच्या टायरांत साधारण १२ ते १४ हवा पुरते. ट्रॉली जोडून उसाच्या फेऱ्या करायच्या असतील तर तुमच्या ट्रॅक्टरच्या पुस्तकात दिलेला रस्त्याचा आकडा भरा. तोच १२ चा टायर रस्त्यावर लोळतो आणि गोट्या झरझर झिजतात. बहुतेक जण उसासाठी भरलेली हवा पेरणीपर्यंत तशीच ठेवतात आणि मग "टायर कंपनी खराब" म्हणतात.

मागच्या टायरांत पाणी भरलेलं असेल तर एवढं लक्षात ठेवा: निपल वर, बाराच्या काट्यावर ठेवून पाणी भरलं की टायर साधारण ७५ टक्के भरतो. हवा मोजतानाही निपल वरच हवं, नाहीतर पाणी गेजमध्ये जातं आणि गेज गंजतं. पाणी भरलेल्या टायरात हवेला जागा थोडीच उरते, त्यामुळे जरासा लीकसुद्धा आकडा झटकन खाली आणतो. अशा ट्रॅक्टरची हवा जास्त वेळा बघा. ताठपणाही पाण्यानं वाढतो, म्हणून रान ओलं असेल तर काही जण पाणी काढून टाकतात. ते योग्य आहे.

मोटरसायकल

मोटरसायकल रुतते ती टायरमुळे कमी आणि मडगार्डमुळे जास्त. टायर आणि मडगार्डच्या मध्ये काळी माती ठासून बसली की चाकच फिरत नाही. मागची हवा २० वर आणलीत तर थोडी पकड वाढते, पण ट्यूबचा टायर असेल तर त्याखाली नको. टायर रिमवर सरकतो, ट्यूब सोबत ओढली जाते आणि निपल मुळापासून फाटतं. मग पंक्चर काढण्यासारखंही काही राहत नाही. बूट काढून ढकलत जा.

रस्त्यावर परतल्यावर

डांबर लागलं की हवा भरा. जवळचा पंप पाच-सात किलोमीटरवर असेल तर तिथपर्यंत ३०-४० च्या वेगानं, वळणं सावकाश घेत जा. १५-१८ हवेवर जोरात वळलात तर ट्यूबलेस टायर रिमवरून निसटू शकतो. टायरला पाणी मारून चिखल धुवा. एकाच बाजूला सुकलेला चिखल राहिला की ८० च्या वेगात स्टिअरिंग थरथरतं, आणि लोक अलाइनमेंट करायला येतात. आत रिमच्या मागच्या बाजूलाही बघा, गोळे तिथंच असतात.

आणि एक तक्रार दोन दिवसांनी येते: "तीन चाकं ठीक आहेत, एकच रोज चार पॉइंट उतरतंय." पंक्चर शोधत बसण्याआधी निपलची टोपी काढून तोंडावर साबणाचं पाणी सोडा. हवा काढताना काडीनं पिन दाबली असेल तर मातीचा कण आत अडकलेला असतो, बारीक बुडबुडे येतात. पिन काढून पुसून परत बसवा, नाहीतर नवी घाला. तिथं काही नसेल तर टायरच्या कडेनं, रिम आणि रबर जिथं भेटतात तिथं साबणाचं पाणी फिरवा. कमी हवेत चालताना तिथं चिखल शिरतो आणि सुकल्यावर फट राहते. टायर रिमवरून उतरवून दोन्ही कडा ओल्या फडक्यानं पुसल्या की काम होतं. पॅच मारायची गरज नसते, कुणी मारायला लागला तर आधी बुडबुडा दाखव म्हणा.